माया

निरोपाच्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, घड्याळ दिलं.
मी रद्दीत निघालेली
ट्रेसिंगची चार भेंडोळी मागून घेतली.
शिपाई हसला: मॅडम, आता कशाला नकाशे?
काय सांगणार,
मलाच माहीत नव्हतं.

नेरुळच्या दोन खोल्यांत आता खिडकीखाली मशीन.
चौतीस वर्षं मी महामंडळात सरळ रेघा काढल्या,
केसाएवढ्या निबेनं, श्वास रोखून,
आणि माझी पहिली खोळ अशी तिरकी गेली
की उशीचीच मान अवघडावी.

पौषात नातवाच्या बोरन्हाणाला
काळं झबलं बेतायचं होतं. कागद हवा म्हणून
एक भेंडोळं उलगडलं.
एकास पाचशे.
गळा नेमका आला बालोद्यानावर
(जे झालंच नाही),
काखेत पंपहाऊस.
कात्री फिरवताना हात थबकला,
पाण्याची लाइन तुटेल की काय असं वाटून.
हलव्याचा हार ओवला तोही तोकडाच,
दर चौथा दाणा माझ्या तोंडात.

करावे गावातून गुणामावशी येते,
सोमवारी, कधी गुरुवारी.
आधी बोंबील घेऊन यायची.
आता गुडघे टोपली उचलू देत नाहीत,
म्हणून नुसतीच येते.
वैशाखात तिनं मला गोधडी घालायला बसवलं:
पट्टी ठेव ती.
दोरा जाईल तसा जाऊ दे.
कडेपासून आत, कडेपासून आत,
बांधाच्या आत बांध.
सुईत दोरा मात्र मी ओवून द्यायचा,
तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.

एका दुपारी कागद हवेनं उडाला.
तिनं तो पकडून खिडकीच्या उजेडात धरला.
अक्षरओळख नाही.
पण बोट वळणावळणानं चालत गेलं:
ही खारी न? न ही उघाडी.
मंग हय आमचा शेत व्हता, बाय.

बोटाखाली माझंच अक्षर होतं, टपोरं:
प्रस्तावित वाहनतळ.
कोपऱ्यात, आरेखन: कु. वि. कर्णिक.
तेव्हा मी कुमारी होते.
बसच्या खिडकीतून भात दिसायचं
आणि मी पुस्तक वाचत असायची.

मी काही बोलले नाही.
तिनं मांडीवरची जुनी साडी
दुमडली, परत दुमडली, परत दुमडली.
आठ घड्या.
एक उचलून माझ्यापुढे धरली:
एवरा परत दिला. तो पन पोरांनी इकला.
मग म्हणाली, चहात आलं घाल, घसा धरलाय.

झबलं जूनमध्येच दंडात रुतायला लागलं.
शिवण उसवली,
आत अर्ध्या इंचाची माया होती, ती सोडली.
बसलं.
मशीनचं झाकण लावता लावता आठवलं,
गावठाणाभोवती जी जाड रेघ मी ओढली होती
तिला माया ठेवलेली नव्हती.
पोरं वाढली, लग्नं झाली,
घरं शिवणीबाहेर आली.
त्याला आम्ही फायलीत दुसरं नाव दिलं.

आश्विनात त्याच कागदाचा कंदील केला.
बांबूच्या काड्या, खळ, शेपटीला झबल्याच्या उरल्या काळ्या चिंध्या.
(सून म्हणाली, दिवाळीला काळं?
म्हटलं, असू दे.)
रिक्षानं मांडीवर धरून करावेला नेला
आणि मावशीच्या वाढीव खोलीच्या पत्र्याला टांगला.
माझ्या नकाशात ही खोली नाही.

बल्ब लावला
तशा ठळक रेघा कुठल्या कुठं गेल्या,
रस्ते, प्लॉट, वाहनतळ,
आणि त्यांच्याखाली
जुन्या सर्व्हे नंबरांच्या तुटक रेघा
भिंतीवर उतरल्या,
बारीक, जवळजवळ,
कुणी शेतांना धावदोरा घातल्यासारख्या.

मावशीनं कंबरेवर हात ठेवून
बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाली, वाकरा झालाय.

म्हटलं, पट्टी ठेवून दिली होती.